शून्याचे उपयोगिता प्रमाणपत्र

शिरूरच्या कचेरीबाहेर कडुनिंबाच्या सावलीत माझे टेबल गेली कित्येक वर्षे आहे. माझे शिक्षण सातवीवर थांबले. परंतु माझी वाक्ये कुठे थांबत नाहीत, हे त्या आवारातील कोणताही शिपाई सांगेल. वारसनोंद, बांधाचा तंटा, हरवलेले रेशनकार्ड, जे येईल त्याला मी भाषा देतो. माझे एकच तत्त्व आहे: दुःख ज्याचे, अर्ज त्याच्याच नावाचा. विधवेचे गाऱ्हाणे दिराच्या सहीने गेले, तर साहेबांना दीर दिसतो, गाऱ्हाणे दिसत नाही.

या तत्त्वामुळेच न्हावऱ्याच्या पाळणाघराचे प्रकरण एवढे वाढले.

पाळणाघर चालवणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या, त्या एका तरुण आईला सोबत घेऊन. तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. ही आई कांद्याच्या वखारीत कांदा निवडायला जात असे. सरकारी योजनेप्रमाणे मुले सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मोफत सांभाळायची आणि मदतनिसाचा पगार, खाऊ व भाडे अनुदानातून भागवायचे. परंतु अनुदानाचा हप्ता आला नव्हता. मदतनीस दुसरीकडे कामाला गेली. उरलेल्या एकट्या बाई दुपारी एकपर्यंतच मुले सांभाळू शकत. त्यामुळे ही आई रोज एकला वखारीतून उठे, आणि मुकादमाने तिला बजावले होते की महिनाअखेरपासून पूर्ण दिवस, नाहीतर दुसरी बाई पाहतो.

"पोरगी घिऊन बसू देत न्हाईत, आप्पा," ती म्हणाली. "ट्रक मागं घेत्यात तिथं. आन् घरी ठिवायला कोण हाय?"

हप्ता का अडला, असे मी विचारले. बाई म्हणाल्या की अनुदान देणारे कार्यालय मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मागते. पैसे कशावर खर्च केले ते लिहून दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. मागचा हप्ता तर आलाच नव्हता. तसे कळवल्यावर उत्तर मिळाले की प्रमाणपत्र नसल्यामुळेच तो रोखला आहे. मी चष्मा काढून पुसला. इतकी घट्ट गाठ मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती मारणाऱ्याविषयी मला थोडा आदरही वाटला.

बाई सही करायला पुढे सरसावल्या. मी त्यांना थांबवले. दुःख मुलांचे होते. "आम्ही खाली अंगठा करणारे, वय वर्षे एक ते पाच, सर्व राहणार न्हावरे, नम्रतापूर्वक विनंती करतो की," अशी मी सुरुवात केली आणि अंगठे घ्यायला शाईची डबी घेऊन स्वतः एसटीने न्हावऱ्याला गेलो. मुलांनी उत्तम सहकार्य केले. एकाने अंगठ्याऐवजी टाच दिली. ती मी तशी नोंद करून स्वीकारली. एकाने शाई चाखून पाहिली व पुन्हा मागितली.

काही दिवसांनी कार्यालयाचे पत्र आले. सुनावणी ठेवली होती. सर्व अर्जदारांनी मूळ ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे. गैरहजर अर्जदाराचे काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

बाईंनी ते पत्र माझ्या टेबलावर आपटले. "तुमच्या तत्त्वाला आता टेम्पो लागंल, आप्पा."

टेम्पो लागला. वखारीत कांदा उतरवून रिकामा परतणारा मिळाला. आईने त्या दिवसाचा खाडा केला आणि मुलांना धरून मागे बसली.

कार्यालयाच्या सभागृहात कारकुनाने एकेकाचे नाव पुकारले. कोणीही ओ देईना. मग त्याने आधार कार्डावरील छायाचित्रांशी चेहरे ताडायला घेतले. परंतु छायाचित्रांत सगळे रडत होते आणि समोर सगळे हसत होते, त्यामुळे ओळख पटेना. एवढ्यात साहेब आले. ते सज्जन होते. त्यांनी नियमाप्रमाणे त्या दोन वर्षांच्या मुलीला विचारले, तिचे म्हणणे काय आहे.

तिने वर पाहिले व म्हटले, "पंखा."

कारकुनाने लिहून घेतले आणि पंख्याची मागणी मूळ अर्जात नसल्याचा शेराही मारला.

मग एक वाजला. पाळणाघर दिवसभर चाले तेव्हापासून मुले एक वाजता झोपत, आणि ही सवय त्यांनी कार्यालयातही मोडली नाही. सतरंजीवर, खुर्च्यांखाली, एक जण आवक-जावकच्या गठ्ठ्यावर. साहेबांची त्याच सभागृहात थोड्या वेळाने बैठक होती. त्यांनी हळू आवाजात मुलांना उठवायला सांगितले.

"उठवते की," बाई म्हणाल्या. "फकस्त एक उठलं की समदी उठत्यात, साहेब, आन् रडतच उठत्यात."

साहेब बराच वेळ त्या झोपलेल्या अर्जदारांकडे पाहत राहिले. मग मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले की त्यांचे हात बांधलेले आहेत, प्रमाणपत्राचा रकाना कोरा असेपर्यंत ते काही करू शकत नाहीत. मी कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहिले: "मागील हप्त्यापोटी प्राप्त रक्कम रुपये शून्य. सदर रक्कम मंजूर कारणांसाठीच पूर्णपणे खर्च झाली असून शिल्लक रुपये शून्य. कोणताही अपहार झालेला नाही."

साहेबांनी ते दोनदा वाचले. "हे चालतं का?" त्यांनी कारकुनाला विचारले.

"रकाना भरलाय, साहेब," कारकून म्हणाला.

बाईंनी सही केली, शिक्का पडला, आणि मुलांना झोपेतच उचलून टेम्पोत ठेवण्यात आले. एक अर्जदार खुद्द साहेबांनी उचलला.

हप्ता महिनाअखेरच्या आत आला; पुरता नव्हे, पण मदतनीस परत येण्याइतका. आई आता दिवसभर वखारीत बसते आणि पाचला मुलगी घ्यायला जाते. मुकादमाने दुसरी बाई पाहिली नाही.

मध्यंतरी पाळणाघराच्या बाई पुन्हा माझ्या टेबलापाशी आल्या. आलेल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र हवे होते. या वेळी पैसे खरोखरच आले होते व खरोखरच खर्च झाले होते, त्यामुळे कार्यालयाने पावत्या मागितल्या होत्या, आणि खाऊची केळी देणारा केळीवाला पावती देत नाही. मी चष्मा पुसला व विचारले, मुले सध्या दुपारी एकलाच झोपतात ना.

"एकलाच," बाई म्हणाल्या. "टेम्पोवाल्याला सांगून ठिवलंय."