काचटाकीतलं शिळं पाणी

खानोलकर साहेब वर्कशॉपच्या दारात उभे होते आणि त्यांच्या हातातल्या रुमालात मेलेले मासे होते. बारके, बोटाएवढे. साहेब म्हणजे वीव्हिंग मास्तर, सगळ्या मागांचा मुख्य. ते खात्यात शिरले की जॉबर लोकांच्या, म्हणजे मुकादमांच्या, तोंडचं पाणी पळायचं. आणि तो माणूस असा रुमाल पुढं धरून उभा.

"लतीफ मिस्त्री, परत गेले," ते म्हणाले.

"सगळे?"

"सगळे. झाडंसुद्धा उपटून वर तरंगतायत. घरात अजून सांगितलं नाही."

मी लेथ बंद केली. साहेबांच्या बंगल्यातल्या त्या टाकीपायी माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

सन तीसच्या पुढची ती वर्षं. मी सोलापूरच्या एका कापडगिरणीत हेड फिटर होतो. बॉयलर, शाफ्ट, पाइप, पंप. गिरणीत जे जे गळेल ते माझं. त्यामुळं साहेबांना काचेची टाकी पाहिजे झाली तेव्हा ते सरळ माझ्याकडं आले. मुंबईत शिकताना त्यांनी कुणा शेटच्या बंगल्यात तशी टाकी पाहिली होती. आत वाळू, वाळूत लावलेली पाणवनस्पती, त्यांच्यातून फिरणारे मासे. ते त्याला अ‍ॅक्वेरियम म्हणायचे. ते नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही काचटाकी म्हणू लागलो.

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "साहेब, हे कशाला? मासे बघायचे तर तलावावर जावं की माणसानं."

साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मिस्त्री, आमचं गाव वेंगुर्ल्याकडं. मंडळींचं माहेर त्याच गावातलं. तिच्या घरामागं तळं आहे. ती त्या पाण्यात वाढली. इथं आल्यापासून तिचं मन लागत नाही. मागं माहेरी गेली ती वर्षभर आलीच नाही. आता गेली तर परत येणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. उन्हाळा तोंडावर आलाय. तिच्या डोळ्यांसमोर हिरवं, जिवंत पाणी पाहिजे."

आता असं बोलल्यावर माणूस नाही कसा म्हणणार?

काम मी झोकात केलं. अँगल लोखंडाची चौकट, तळाला शहाबादी फरशी, चारी बाजूंना जाड काच. काचेच्या सांध्यात शेंदूर आणि जवसाचं तेल कालवून भरलं. वाफेच्या पाइपाच्या जॉइंटला आम्ही हेच भरायचो. दगडासारखं घट्ट होतं. वाळल्यावर टाकी नुसत्या पाण्यानं भरून ठेवली, ते पाणी ओतून दिलं, असं चार-सहा वेळा केलं, कारण शेंदराचा अंश माशांना बाधतो. मग तळाला काळी माती, तिच्यावर सीना नदीची धुतलेली वाळू. झाडं मी स्वतः हिप्परग्याच्या तलावातून सायकलवर ओल्या पोत्यात आणली. एक लांब पातीचं गवत, एक फांद्याफांद्यांचं. मासे तिथल्याच कोळ्यानं दिले. पूर्वेच्या व्हरांड्यात, सकाळचं ऊन येईल तिथं टाकी ठेवली. एक थेंब गळला नाही.

आणि तरी मासे मरत होते. नवे आणले, तेही मेले. झाडं मूळच धरेनात. साहेब म्हणत काच वाईट, मी म्हणे मासे अशक्त. पण आमच्या गिरणीमागं इंजिनाचं पाणी गार करायचा भलामोठा हौद होता, त्यात कुणी न सोडलेले मासे वर्षानुवर्षं मजेत होते. तिथं ना कुणी बघायला, ना कुणी खायला घालायला. मग इथंच कुठं घोडं पेंड खातं, मला काही केल्या कळेना.

रुमालातले मासे बघितल्यावर मी ठरवलं, आता बंगल्यावर जाऊन डोळ्यांनी बघायचं. दुसऱ्या दिवशी गिरणीत जायच्या आधी गेलो. व्हरांड्यात गंगव्वा होती. ही साहेबांची कामवाली, अक्कलकोटकडची, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी. ती तांब्यातांब्यानं टाकीतलं पाणी काढून अंगणात ओतत होती. शेजारी नळाच्या ताज्या पाण्याची घागर भरलेली.

"अगं ए, काय करतीस?" मी ओरडलोच.

"अय्यो, काय म्हंजे? शिळं पानी हाय की! कालचं."

"रोज काढतीस?"

"मग? घरात शिळं पानी ठिवतेत व्हय?"

माझ्या मनात आधी भलतंच आलं. मुसलमानानं हात घातलेलं पाणी म्हणून फेकते की काय? विचारूनच टाकलं. तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमचं काय घिऊन बसलाव मिस्त्री? देवाच्या तांब्यातलं बी मी रोज टाकते."

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. तिचं तरी काय चुकलं? आमच्या मुलखात कुठल्याही घरात बाई उठली की पहिल्यांदा रात्रीचं पाणी ओतते, भांडं घासते, ताजं भरते. माझ्या घरीही तेच. हौदातले मासे जगले, कारण हौदावर गंगव्वा नव्हती! रोज नवं पाणी म्हटल्यावर झाडांची मुळं रोज हलायची, आणि मासे रोज नव्या मुलखात. त्यामागचं शास्त्र मला पुढंही नीट उमगलं नाही. एवढंच कळलं की पाणी, माती आणि झाडं यांचं एकमेकांशी जुळायला वेळ लागतो, आणि तोवर मासे सोडायचे नसतात.

हे गंगव्वाला सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. "शिळंच राहू दे," म्हटलं की ती म्हणे, "छी! बाईसाब काय म्हनतील?"

आतून सुमतीबाई आल्या. साहेबांच्या मंडळी. बारीक अंगाच्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गंगव्वा, लोणचं रोज नवं घालतेस का?"

"न्हाई. मुरायला नगं?"

"हे पाणीपण मुरायला घातलंय."

"हां! मग तसं सांगायचं की! मिस्त्री नुस्तं शिळं शिळं करून ऱ्हायलेत," गंगव्वा म्हणाली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच रोज पाणी ओतत होतो.

त्या दिवसापासून टाकी बाईंनी हातात घेतली. पाणी आधी गढूळ झालं, मग हिरवट, थोडा वासही आला. साहेबांचा धीर सुटला. "एकदाच बदलू या," म्हणाले. बाई टाकीपुढं उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही," म्हणाल्या. वीव्हिंग मास्तर गुपचूप मागं सरकले. मी मनात म्हटलं, वा! आता ही बाई कुठं जात नाही.

आणि खरंच, एका सकाळी पाणी निवळलं. गवतानं वाळूतून नवे कोंब काढले होते. ऊन पडलं की पानापानावर बारीक बुडबुडे धरायचे आणि एकेक सुटून वर जायचे. आता मासे सोडले, ते जगले. ऐन उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून बाई काचेला ओलं गोणपाट गुंडाळायच्या. साहेब गिरणीत शीळ घालत फिरायला लागले. जॉबर लोक मला विचारायचे, "मिस्त्री, साहेबाला झालंय काय?"

पावसाळा लागायच्या सुमाराला एका रविवारी दुपारी मी सांधे तपासायला बंगल्यावर गेलो. बाई टाकीसमोर पाटावर बसल्या होत्या. डोळे रडून सुजलेले. मी परत फिरणार, तर त्यांनीच थांबवलं.

"मिस्त्री, टाकी फार छान केलीत."

"मग रडता कशाला, बाईसाहेब?"

"खरं सांगू? मी विसरत चालले होते. तळ्याच्या पायऱ्या, त्यांच्यावरची बुळबुळ, आईचा धुणं आपटायचा आवाज, सगळं पुसट झालं होतं. वाटायचं, होईल आता इथलंच सवयीचं. हे पाणी निवळलं आणि सगळं परत लख्ख दिसायला लागलं. दिवसभर दिसतं हो. मला सोसत नाही."

तेवढ्यात साहेब बाहेर आले. बाई उठल्या आणि त्यांच्याशी मालवणीत बोलल्या. ती बोली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"माका घराक जावचा आसा."

साहेबांनी भिंतीला हात टेकला. मग म्हणाले, "जा." त्या एका शब्दापायी त्यांचा सगळा चेहरा उतरला.

बाई गेल्या. साहेब कामावर यायचे, पण एखादं सूत तुटून माग थांबला तरी त्यांचं लक्ष नसायचं. संध्याकाळी टाकीपुढं बसायचे. मला एकदा म्हणाले, "मिस्त्री, हे टाकीचं खूळ मी हिच्या नावावर खपवलं. तळं माझंही होतं. लहानपणी आम्ही दोघं त्यातच पोहायला शिकलो." आणि हमसून हमसून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. साहेब आहेत हे त्या वेळी लक्षातच आलं नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. मी मॅनेजरच्या ऑफिसात पंखा दुरुस्त करत होतो, म्हणून ऐकलं. मॅनेजर गोरा होता, मोडकं मराठी बोलायचा.

"खानोलकर, टुमच्या गावात मिल आहे?"

"नो सर."

"मग काय आहे टिकडे?"

"तळं आहे, सर."

मी पंख्याकडं तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या बंगल्यात आलेल्या नव्या मास्तरला टाकीचं काही सोयरसुतक नव्हतं. ती गंगव्वानं सांभाळली, कुणाला बोट लावू दिलं नाही.

गिरणीत मी खूप गळत्या काढल्या आणि पुष्कळांना त्यातले बारकावे शिकवले. या काचटाकीच्या कामातून शिकलो ते मात्र कुणाला शिकवायची वेळ आली नाही, म्हणून इथं सांगतो. एखादं माणूस गावासाठी झुरत असेल, तर त्याला गावासारखं काही करून देऊ नये. तिकीट काढून द्यावं.