पायरीवरच पोचलेला नैवेद्य

देवीनं मला गडावर बोलावलं आणि देऊळ दिसायला लागल्यावर पायरीवर पाडलं, मग हिची कृपा ती कसली, असं त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला लिहू?

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मुरूडजवळचं आमचं खेडं. जिल्हा बदलला, पण कोरड्या विहिरी काही बदलल्या नाहीत. त्याच दुष्काळात माझ्या मानेला गाठी आल्या आणि त्या कॅन्सरच्या निघाल्या. मोठ्या दवाखान्यात सुया झाल्या, सोबत लहान पांढऱ्या गोळ्या, रोज जेवणानंतर घ्यायच्या. गाठी विरल्या. गोळ्यांनी मात्र हातपाय काटक्या आणि तोंड परातीएवढं गोल झालं. माझी जाऊ मोठी तोंडाळ. म्हणायची, "आम्ही वाळून चाललाव, अन् ही बया फुगून राहिली! कुठं लपून खातीस गं?" मी हसायची. जिवंत होते ना, मग हसायला काय जातं!

गाठी गेल्या तर नवरात्राचा कडक उपास धरून माहूरचा गड चढेन, असं रेणुकामातेला बोलले होते. कडक म्हणजे नुसतं दूध-पाणी. आता गोळी जेवणानंतरची, आणि जेवणच नाही, तर गोळी कशी घ्यायची? म्हणून गोळी बंद. आमच्या घरात कुणालाच यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडच्या सगळ्या बायका उपासाला असंच करायच्या. मालकांनी तेवढी गोळ्यांची पुडी खिशात टाकली. चार माणसांत बायकोशी बोलायची त्यांना सवयच नव्हती.

नांदेडहून बसनं माहूरला पोचलो. पायऱ्या चढता चढता माझे पाय लोण्यासारखे झाले. उलटी झाली, अंग गार घामानं भिजलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मालकांना म्हणाले, "मेले तर मरू द्या, पण वर न्या."

मागून हदगावकडची एक बाई येत होती, डोक्यावर झाकलेलं ताट. ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"हिला पांढऱ्या गोळ्या चालू हायत का, दादा?"

"होत्या. उपासाला बंद केल्यात."

"अरं देवा! माझ्या भावाला दम्यासाठी असल्याच होत्या, त्याचं बी तोंड असंच गोल झालं होतं. एकदम सोडल्या अन् अस्साच पडला. द्या आधी गोळी!"

मी ओठ मिटून घेतले. "जेवल्याबिगर चालत न्हाई ती. अन् उपास मोडायचा न्हाई मला."

तिनं ताट खाली ठेवलं, फडकं काढलं. आत पुरणपोळी. त्या साली कुठून गूळ आणला असेल, कुठून डाळ! तिनं सरळ तुकडा मोडला.

"अगं, नैवेद्य हाय! देवीला दाखवला न्हाईस अजून!"

"लेकरू उपाशी पडल्यालं कोणत्या आईला गोड लागतं गं? खा गुमान."

मी खाल्लं. मागून गोळी, घोटभर पाणी. मग भर गर्दीत मालकांनी मला पाठीवर घेतलं आणि उतरायला लागले. लोक बघत होते. बघू दे म्हटलं. राजाची राणी तरी अशी उतरली असेल का?

दवाखान्यात सुई दिली, सलाईन लावलं. डॉक्टरांनी समजावलं, की मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. संकटात माणसाला उभं धरणारा रस त्या करतात. तसलाच रस गोळीतून मिळत राहिला की त्या निजतात. गोळी एकाएकी तोडली, तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. "गोळी पोटात गेली होती म्हणून एवढा वेळ तरी निघाला," असंही म्हणाले. पुढं रक्त तपासत, हळूहळू कमी करत त्यांनी ती गोळी उतरवली.

ती बाई पुन्हा भेटली नाही. नाव विचारायचंही सुचलं नव्हतं. मी देवीला हट्टानं काही द्यायला निघाले होते, आणि तिनं मला घ्यायला शिकवलं. घेण्यातही माथा टेकावा लागतो, हे तोवर कळलं नव्हतं. नवस पुरा झाला नाही म्हणून कुणी हळहळलं, की मी ताठ मानेनं सांगते: लोक प्रसाद खातात, मला आईनं आपल्या ताटातला पहिला घास दिला.