त्रिवेणीची संक्रांत

त्रिवेणी आता कॉलेजात जाती, भाकरीही खाती. पण संक्रांत आली की पालमच्या नीलम्माला लेकीचं लहानपण आठवतं. तव्हा गोळ्यांनी तिच्या फिट थांबंनात. डॉक्टरांनी भाकरी-साखर बंद करून तूप-लोणी मोजून द्यायला सांगितलं. मेंदू साखरेऐवजी चरबीवर चालला की शांत राहतो म्हणे. अन् खरंच, फिट थांबल्या.

पण संक्रांतीला शेजारच्या तानुबाईनं, "सणाचं लेकरू रिकाम्या हातानं कसं धाडू?" म्हणत तिळगूळ भरवला. सांजेला त्रिवेणी पुन्हा आखडली. तानुबाई लय रडली.

पुढच्या संक्रांतीला तीच दारात आली. "नीलम्मा, खोबरं तरी चालतंय का गं?"

"चालतंय मावशी, पण मोजून."

"मंग आण तुजा तराजू, सोनारीणबाई!"

त्या सांजेला त्रिवेणी दिवेलागणीपर्यंत गल्लीत हुंदडत राहिली.