मक्यातली घोडी आणि गाळलेले दोन ठोके

ओलीटा प्रिटला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि तीही काही फार मोठी नव्हे. ‘मक्यातली घोडी’ ही बापाची धून चारचौघांत एकदा पुरती वाजवायची. पुरती म्हणजे पुरती. पण अमेरिकेच्या डोंगरांतल्या स्टिलहाउस क्रीकच्या खोऱ्यात तिला ते कुणी करू देईल तर शपथ.

धून फिडलची, म्हणजे गावठी व्हायोलिनची. तिच्या बापाने, ओकी प्रिटने, ती वाजवली, विद्यापीठाच्या एका माणसाने ती टेपवर घेतली, टेपवरून तबकडी निघाली आणि ओकीचं नाव झालं. तो मरूनही जमाना लोटला. तरी दर उन्हाळ्यात कुठून कुठून माणसं पाठीला बँजो लावून खोऱ्यात येतात आणि गावच्या हॉलमध्ये ओलीटासमोर खुर्च्या मांडून बसतात. ही धून बँजोवर उतरवायची तर ओलीटाकडूनच, असं त्यांच्यात ठरूनच गेलंय. तिनेही सत्तरी ओलांडलीये, पण शिकवते. नखाने तार वरून खाली मारायची, मागोमाग अंगठा आखूड तारेवर टाकायचा. कुणी ओरबाडायला लागला की म्हणते, “तार मारायचीये बाळा, कोंबडी सोलायची नाहीये.” आधी बारीक भाग, म्हणजे वरच्या सुरांचा, मग जाड भाग, खालच्या सुरांचा. आणि जाड भागाच्या शेवटी दोन ठोके गाळायचे, तिथे नुसता पाय आपटायचा.

का? तर टेपवर तसं आहे. फिडल तिथे दोन ठोके गप्प होते आणि ‘टक’ असा आवाज येतो. शहाण्या लोकांनी त्यावर काय काय लिहिलंय. ओकींचं वैशिष्ट्य म्हणे.

वैशिष्ट्य कसलं डोंबलाचं. ओलीटा तेव्हा नऊ वर्षांची होती. रोज संध्याकाळी बाप फिडल वाजवायचा आणि ती शेगडीजवळ बसून बँजोवर साथ करायची. तेव्हा धून पुरी होती, ठोका न् ठोका जागच्या जागी. बापच म्हणायचा, “ओली, तू आलीस की धून चालायला लागते.” पण टेपवाला पाहुणा आला आणि बापाला अचानक पोरीची लाज वाटली. “आज हात लावायचा नाही,” म्हणाला. ती बसली होती गुपचूप. जाड भागाचा शेवट आला नि बोटं आपसूक तारेकडे गेली. बापाने फिडलचा गज फिरवून तिच्या बोटांवर हाणला आणि पुढच्या ओळीला धून पुन्हा धरली. पाहुणा यंत्रात डोकं घालून बसला होता, त्याला काही दिसलं नाही. ओलीटा रडली नाही. रडली असती तर तेही टेपवर गेलं असतं.

वाईट याच्या पुढेच आहे. तबकडी ऐकून माणसं यायला लागली, तशीच धून मागायला लागली, आणि बापही ते दोन ठोके गाळून, पाय आपटून वाजवू लागला. वाजवताना एकदाही त्याने तिच्याकडे बघितलं नाही. आपल्या बोटांवरचा फटका ती इतकी वर्षं लोकांना शिकवत आलीये, आणि लोक तो मनापासून शिकतात. एका वर्षी तिने आजारपणाचं निमित्त काढलं, तर सगळे सूप घेऊन घरी आले आणि पलंगाशी बसून वाजवायला लागले. पाय आपटत.

भाऊ डेन्झिलला सगळं ठाऊक आहे. तो तेव्हा दारातच उभा होता. “कशाला उकरतेस, ओली? डॅडीच्या नावाची पाटी लागलीये रस्त्याला,” म्हणतो. वर, “तुला एक फटका बसला. माझ्या वाट्याला पट्टा यायचा.”

या ऑगस्टात, शिकवणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळे गोल करून वाजवत होते. गाव ऐकायला आलं होतं, घेवडा आणि मक्याचा ब्रेड टेबलावर मांडून झाला होता. जाड भागाचा शेवट आला आणि ओलीटाने, कुणालाही न विचारता, ते दोन ठोके वाजवले. तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर दुसरं काही ऐकूच आलं नाही. मग कळलं, नुसता गोंधळ उडालाय. पाय भलतीकडेच पडले होते, बँजो एकमेकांवर चढले होते, आणि धून बंद पडली.

पिट्सबर्गहून दरवर्षी येणारा नेथन, स्वभावाने अगदी गरीब, तिच्याजवळ वाकला.

“मिस ओलीटा, दोन ठोके जास्त झाले.”

“जास्त नाही झाले. तेवढेच आहेत.”

“होतं असं कधीकधी,” तो मायेने म्हणाला, आणि तिला आठवावं म्हणून फोनवर टेप लावली. टक. “ऐकलंत? हा ओकींचा पाय.”

“पाय नाही तो,” ओलीटा म्हणाली. “माझी बोटं आहेत ती. त्याने गज मारला होता मला.”

नेथनने फोन खाली घेतला. डेन्झिल टोपी सारखी करत पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “थकलीये ती. सकाळपासून पोटात काही नाही.” बायकांनी माना डोलावल्या. एकीने बर्फ घातलेल्या गार चहाचा पेला आणून तिच्यापुढे ठेवला. विचारलं मात्र कुणी काही नाही. विचारलं असतं तर रस्त्यावरच्या पाटीचं काय करायचं, आणि इतकी वर्षं आपटलेल्या पायांचं काय?

“चला, पुन्हा पहिल्यापासून,” डेन्झिल म्हणाला. “मग जेवू.”

धून निघाली. पुन्हा पुरतीच वाजवायची, असं ओलीटाने दात आवळून ठरवलं होतं. बारीक भाग गेला, जाड भाग आला. सगळ्यांचे पाय एकदम आपटले. तिने खाली पाहिलं तर तिचा हात तारेवरून उचललेला होता, बोटं मुठीत ओढलेली. एकट्या नेथनने तेवढा पाय आपटला नव्हता, पण ठोके त्यानेही गाळले होते.

धून संपली, टाळ्या पडल्या. डेन्झिलने तिच्या खांद्यावर थोपटलं.

“बघ,” तो म्हणाला, “येतंय की तुला नीट.”