डबे खाली ठेव

फळला नाही तो नवस फेडायचा का? यंदाच्या माघात हा एकच प्रश्न मला टोचत होता, पण बसून विचार करायला फुरसत कुणाला होती! देवासला घरात नातवाची मुंज, आठ दिवसांत धारला पुतणीचं लग्न, मध्ये केळवणं, आहेर, पाहुणे, आणि त्यातच आमच्या महिला मंडळाची नेमावरची सेवा. दर माघात आम्ही बायका तिथल्या घाटावर नर्मदेच्या परिक्रमावासीयांना एक दिवस जेवू घालतो. मी सगळीकडे पुढे. "काकू, तुम्ही थकत कशा नाही हो?" असं लोक विचारत. थकून बसले असते तर रडले असते, हे कुणाला सांगू?

आमचे हे शाळेत गणित शिकवत. दोन वर्षांपूर्वी आजारी पडले, तेव्हा बोलून गेले, "बरा झालो तर नेमावरला एक्कावन्न मूर्तींना पुरणपोळी घालीन." परिक्रमेत माणसं म्हणून मोजत नाहीत, मूर्ती म्हणून मोजतात. हे बरे काही झाले नाहीत. अगदी शेवटी मला म्हणाले, "पोळ्यांचं विसरू नकोस हो." मी चिडूनच म्हटलं, "बरे कुठे झालात?" तर हसले. "कबूल मी केलं होतं. नर्मदामैयानं कुठे काय कबूल केलं होतं?" त्या हसण्याचा मला इतका राग आला की त्यांच्यामागे मी घाटावर डाळभात वाढला, पण पोळीचं नाव काढलं नाही. देवापुढे दिवा लावायचा म्हणून लावत होते, एवढंच. यंदा ठरवलं, त्यांचा शब्द एकदाचा पुरा करून टाकायचा आणि मैयाशी देणंघेणं संपवायचं. ती भक्ती नव्हती, हट्ट होता.

धारला निघताना मी सुनेसाठी फ्रिजवर चिठ्ठी लावली. नातवाच्या शाळेमुळे नेहा देवासलाच थांबणार होती आणि पोळ्या तीच करणार होती. आमचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. म्हणून लिहिलं, "पोळ्या झाल्या की डबे खाली ठेव. सकाळी गाडी येऊन नेईल." लग्न आटोपून मी धारहून परस्पर नेमावरला गेले. इकडे आमच्या बायकांनी वरण, भात, भाजी रांधली, पंगत मांडली, परिक्रमावासी हातपाय धुऊन बसले. अकराच्या सुमारास गाडी आली. मी पहिला डबा उघडला. रिकामा. दुसरा उघडला, तोही रिकामा. पाचही डबे घासूनपुसून लखलखीत! ड्रायव्हर गांगरून म्हणाला, "काकीजी, नीचे जो रखे थे, वही लाया मैं तो."

मी नेहाला फोन लावला. "आई, तुम्हीच तर लिहिलं होतं ना, डबे खाली ठेव," ती म्हणाली. "मला वाटलं तिकडून प्रसाद आणायचा असेल. मी पूर्ण खाली करून जिन्यापाशी ठेवले. पोळ्या टोपल्यांत काढल्या, त्या वरच आहेत. गाडी कधी येऊन गेली, कळलंच नाही." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोर हिंदी शाळेत शिकलेली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. तिनं माझा शब्द अगदी तंतोतंत पाळला होता. हे कळूनही माझी जीभ थांबली नाही. "घरात येऊन दहा वर्षं झाली, दोन ओळींचं मराठी वाचता येत नाही? तुझ्या सासऱ्यांचा नवस बुडवलास तू!" मी फोन ठेवला आणि घाटाच्या पायरीवर मटकन बसले. आता एक्कावन्न मूर्तींना काय वाढू, हेच कळेना.

पंगतीतून एक म्हातारी माताराम उठून आली; परिक्रमेतल्या बाईला मातारामच म्हणतात. पायांना भेगा, अंगावर विटकं पांढरं लुगडं. कुठली होती, कोण होती, मी विचारलं नाही. "क्या हुआ, बाई?" एवढंच तिनं विचारलं आणि मी नवसापासून चिठ्ठीपर्यंत सगळं ओकून टाकलं. ती समजूत घालील असं वाटलं होतं. तिनं शांतपणे विचारलं, "और जिसने सुबह से पोलियाँ बेलीं, उस बहू ने कुछ खाया?"

मला माहीतच नव्हतं. महिनाभर सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते मी, आणि घरात पहाटे उठून एकटीनं एक्कावन्न पोळ्या लाटणाऱ्या पोरीला हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

माताराम आपल्या झोळीपाशी गेली, पिठाची पुरचुंडी आणि गुळाचा खडा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ले, तू बेल. मैं सेंकती हूँ." तिचं पाहून एकेक मूर्ती उठली. कुणी ओंजळभर पीठ दिलं, कुणी मूठभर. मागून आणलेलंच ते, वाटेत भिक्षेचं. जेवू घालायला आलेली मी, त्यांच्याच पिठाच्या गुळपोळ्या लाटत बसले. प्रत्येक पोळीला रडत होते, आणि लाजही वाटत नव्हती. ह्यांच्या मागे असं रडले नव्हते मी. सगळे पोटभर जेवले, "नर्मदे हर" म्हणाले आणि झोळ्या उचलून चालते झाले. मातारामही त्यांच्यातच गेली. तिला नीट नमस्कार करायचाही राहून गेला.

नेहाला पुन्हा फोन केला तर ती वाटेत, खातेगावच्या पुढे आली होती. मी फोन ठेवल्याबरोबर नातवाला शेजारी सोडून, टोपल्या घेऊन मिळेल त्या गाडीनं निघाली होती. तीनच्या सुमारास घाटावर उतरली आणि वरच्याच पायरीवर उभी राहिली. डोळे सुजलेले. "आई, उशीर झाला ना? बुडला ना नवस?"

"जेवलीस का?" मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. मी तिच्या हातातल्या टोपल्या घेतल्या. जिथं पंगत बसली होती तिथंच तिला बसवलं, पान मांडलं, तिनंच केलेली पोळी त्यावर ठेवली आणि वर तूप सोडलं. ती घाबरून म्हणाली, "आई, आधी मूर्तींना..." मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, "आधी मूर्तीलाच वाढतेय, बाळा. चुकले मी."

उरलेल्या पोळ्या संध्याकाळी मुक्कामाला येणाऱ्या जथ्याला आम्ही दोघींनी वाढल्या. किती मूर्ती होत्या, ते मी मोजलं नाही.