बाजूनं पडलेलं एक मत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा ऑपरेशननंतर भूल उतरताना मी बरंच काही बडबडत होते म्हणे. शुद्धीवर आल्यावर बहिणीला मी पहिला प्रश्न विचारला, तो असा — मी कुणाचं नाव घेतलं का गं? नाही म्हणाली. मला हायसं वाटलं. इतकं जपलंय मी हे.

कुठून सुरू करू? मिलिंदपासूनच करते.

मिलिंद जामखेडचा. इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होता. पुढं मी नगरला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले, तो पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करायचा. नोकरी सांभाळून आम्ही दोघांनी एक सॉफ्टवेअर सुरू केलं — अंध माणसांना स्क्रीनवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं. फुकट होतं आणि खुलं होतं. म्हणजे आतलं सगळं कुणीही उघडून बघावं, चुकलं असेल तिथं दुरुस्त करावं. पगार कुणालाच नाही. हळूहळू गावोगावची माणसं हौसेनं येऊन मिळाली, आणि मग प्रश्न आला — ह्यात शेवटचा शब्द कुणाचा?

मी म्हणाले, आपल्या दोघांचा. सुरू आपण केलंय. मिलिंद म्हणाला, नाही. जो काम करेल तो सभासद, आणि प्रत्येक सभासदाला एक मत. गुप्त मत. आपल्यालाही एकेकच.

"एवढ्याशा कामात निवडणुका?" मी हसले होते.

"आमच्या विहारात सतरंजी कुठल्या रंगाची घ्यायची हे बी मतानं ठरतंय," तो म्हणाला. "माझी आजी चारचौघांत पहिल्यांदा तोंड उघडून बोलली ती तिथंच. तिला कुणी विचारलंच नसतं, तर बोलली असती का?"

मग मी मान्य केलं. नियम त्यानंच लिहिले. कुणाला सभासद करून घ्यायचं, कोणतं काम आधी घ्यायचं — सगळं मतानं. आणि त्यातच हेही होतं, की जबाबदारीच्या माणसाकडून मोठं नुकसान झालं, तर त्याला ठेवायचं की काढायचं हे सभासदच ठरवतील. ज्याच्यावर मतदान आहे त्यानं स्वतः मत द्यायचं नाही. हा नियम लिहिताना तो म्हणाला होता, आधी आपल्याला लागू होईल असा लिहू. बघा — असा माणूस होता.

आता ढाकणे सरांचं सांगते, म्हणजे नुकसान काय झालं ते कळेल.

ढाकणे सर शेवगावचे. अंध मुलांना शिकवायचे, स्वतःही जन्मापासून अंध. आमचं सॉफ्टवेअर काही शब्द चुकीचे म्हणायचं, म्हणून वापरणाऱ्यांनी त्याला बरोबर उच्चार शिकवायची सोय आम्ही केली होती. सरांइतकं कुणी शिकवलं नाही. आपल्या विद्यार्थ्यांची नावं, आडनावं, वस्त्यांची नावं, इकडचे बोलण्यातले शब्द — वर्षानुवर्षं बसून शिकवले. त्यांची बायको वारली होती. रत्नप्रभा नाव. ते नाव यंत्र आधी तुकडे पाडून म्हणायचं. सरांनी ते इतकं घोटून घेतलं, की ऐकताना वाटायचं, घरातलंच कुणी हाक मारतंय. हे सगळे उच्चार एका सर्व्हरवर साठत होते, आणि त्यांची प्रत मिलिंद स्वतःच्या मशीनवर ठेवायचा.

नवी आवृत्ती तयार होत आली तेव्हा मिलिंदचे वडील नगरच्या दवाखान्यात होते. तो रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं — जुने उच्चार नव्या आवृत्तीत नीट जातात का, हे अजून तपासलेलं नाही, ते होईपर्यंत ती लोकांसाठी सोडायची नाही. बरेच दिवस प्रतही काढलेली नाही. थांब.

मी थांबले नाही.

का? मला पुण्यात एका कार्यक्रमात बोलायला बोलावलं होतं, आणि तिथं नवी आवृत्ती दाखवायची होती. बस्स. मी कोपरगावला माहेरी भाचीच्या बारशाला गेले होते. पाळणा म्हणून झाला होता, बायका घुगऱ्या वाटत होत्या, आणि मी माडीवर जाऊन मोबाईलवरून आवृत्ती सगळ्यांसाठी सोडली. खाली येऊन जेवायलाही बसले. वाढणाऱ्या काकूंना मी अजून एक जिलबी वाढायला सांगितली, हे मला आठवतं.

संध्याकाळपर्यंत सर्व्हरवरचे सगळे उच्चार पुसले गेले होते. प्रत नव्हती.

आवृत्ती सोडायचा अधिकार आम्हा दोघांकडेच होता, आणि त्यासाठीचं खातं सामाईक. दोघांपैकी कुणी सोडली, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता. मिलिंदचा फोन आला तेव्हा मी परसात उभी होते. त्याच्या आवाजात राग नव्हता. घाबरलेला होता.

"ज्योती, तू सोडलीस का?"

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. एक शब्द. विचार करून बोलले का? मला आजही सांगता येत नाही. पण त्यानंतर तो जो गप्प राहिला, त्या वेळात मला तो शब्द मागे घेता आला असता. खरंच आला असता. तो मोठा श्वास घेऊन म्हणाला —

"मग माझ्याकडनंच झालं असंल. दवाखान्यात मी लॅपटॉप घिऊन बसत हुतो. झोप न्हाई काई न्हाई... काय काय दाबलं मला धड आठवत न्हाई."

तुम्हाला कळतंय का, काय झालं ते? त्याला माझा संशय आला नाही. त्याला स्वतःचा संशय आला. मी नाही म्हणाले, म्हणजे मी नाहीच — एवढं त्याच्यासाठी पक्कं होतं. त्यापेक्षा त्यानं स्वतःचे हात खोटे ठरवले.

सभासदांची बैठक ऑनलाइन झाली. माणसं चिडलेली होती, आणि चिडणं रास्तच होतं. ढाकणे सर तेवढे शांत होते. ते म्हणाले, "मी पुन्हा पहिल्यापासून शिकवीन. त्याचं काही नाही. पण कुणाकडून झालं, एवढं सांगा." मिलिंद म्हणाला, "सर, माझ्याकडून." आणि मान खाली घातली. मागे दवाखान्याची फिकट हिरवी भिंत दिसत होती. मी माझा माईक बंद करून बसले होते.

नियमाप्रमाणे मिलिंदला ठेवायचं की काढायचं, यावर मतदान लागलं. ते पार पाडायची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण दुसरं कोण होतं?

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. माणूस घाबरतो, खोटं बोलतो, मग अडकतो. मीही स्वतःला कितीतरी वर्षं एवढंच सांगत आले. पण हे अर्धंच आहे. उरलेलं सांगायला माझी जीभ अजून अडखळते.

मी मिलिंदच्या विरोधात मत दिलं.

गुप्त मतदान होतं. मी त्याच्या बाजूनं दिलं असतं, तर कुणाला कळणार होतं? वारं कुठल्या दिशेचं आहे ते दिसतच होतं. माझ्या एका मतानं तो राहणारही नव्हता. भीती म्हणाल, तर मतपत्रिकेसमोर मी एकटीच होते. तरीही दिलं. कारण तो राहिला असता, तर वडील बरे झाल्यावर शांतपणे बसून त्यानं सर्व्हरवरची वेळ स्वतःच्या लॅपटॉपशी ताडून पाहिली असती, आणि त्याला कळलं असतं. तो जायलाच हवा होता. मला तो जायला हवा होता.

मिलिंदला काढायच्या बाजूनं जवळजवळ सगळे गेले. त्याला ठेवा म्हणणारं मत एकच पडलं. निकाल मीच जाहीर केला.

त्याच दिवशी एका सभासदाचा फोन आला. म्हणाला, बरं झालं मॅडम, या लोकांना हक्क सगळे पाहिजेत, जबाबदारी नको. 'या लोकांना' म्हणजे कुणाला, ते मला नीट समजलं होतं. मी "हं" म्हणाले. त्याला तिथल्या तिथं गप्प करायला हवं होतं. कुठल्या तोंडानं करणार होते?

आणि मग मिलिंदचा फोन आला.

"मला ठाऊक हाय ते एक मत कुणाचं हाय," तो म्हणाला. "तू सांगू नको, गुप्त हाय. पण ज्योती... मला तेवढं एक लई झालं."

मी काय केलं असेल? काही नाही. नाकारलं नाही. उलट रडले. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी रडतेय. त्यानंच माझी समजूत घातली.

ते एक मत ढाकणे सरांचं होतं. हे त्यांनी मला खूप नंतर, एका समारंभात भेटल्यावर सहज सांगितलं. समारंभ माझ्याच सत्काराचा होता — शाल, श्रीफळ, अंधांसाठी केलेल्या कामाबद्दल. सर म्हणाले, "त्या दिवशी त्याच्या आवाजात मला चूक ऐकू आली नाही. नुसतं दुःख ऐकू आलं. म्हणून मी त्याच्या बाजूनं दिलं." मी त्यांचा हात धरून त्यांना जेवणाच्या टेबलापर्यंत नेलं. वाटेत एवढ्यात कुठं पाऊस झाला का, असलं काहीतरी विचारलं.

मिलिंदचे वडील त्याच दवाखान्यात वारले. त्यानं पुढं नोकरीही सोडली. मी आजही त्या कामाची प्रमुख आहे. दर खेपेला सभासद मतदान करतात आणि मला निवडून देतात.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या कामानं जामखेडला जाणं झालं. त्याला न भेटता परतायचं ठरवूनच गेले होते, पण स्टँडजवळ त्यानंच मला पाहिलं. त्याचं तिथं दुकान आहे, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं. मला बसवून त्यानं हातातलं काम उरकून घेतलं. एका म्हाताऱ्या बाईंचा अर्ज होता. पूर्ण भरला, वाचून दाखवला, पुन्हा वाचून दाखवला. आणि शेवटचं बटण दाबायची वेळ आली तेव्हा माऊस त्यांच्याकडे सरकवला.

"मावशी, हे तुमीच दाबा."

"आरं मला कुठं कळतंय? तूच दाब की."

"न्हाई मावशी. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

हे तो मला ऐकवायला म्हणाला नव्हता. सवयीनं म्हणाला. त्या बाईंनी बटण दाबलं, आणि तो म्हणाला, झालं बघा. वर्गात सगळ्यांचे अडलेले प्रोग्राम न विचारता सोडवून देणारा मुलगा होता तो. त्याच्या हातांना कधी शंका ठाऊक नव्हती. ती मी दिली.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. दुकानात आम्ही दोघंच उरलो होतो. त्यानं चहा मागवला. मी "मिलिंद" अशी हाकही मारली. त्यानं वर पाहिलं. आणि मी म्हणाले, "तब्येतीला जप."

त्यानं मला घरी नेलं. बायकोला म्हणाला, "ही ज्योती. सगळे इरोधात गेले तवा ही एकटी माझ्या बाजूनं उभी राहिली." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. निघताना आत जाऊन पिशवी भरून घरची तूरडाळ घेऊन आली. मी नको नको म्हणाले, तर म्हणाली, "असं कसं? तुमी आमच्या मानसाला धरून ठिवलं, ताई." दोघं मला गाडीपर्यंत सोडायला आली आणि गाडी सुटेपर्यंत उभी राहिली.

ती डाळ मी घरी आणली. निवडली. त्या आठवड्यात तिचं वरण केलं, सगळ्यांना वाढलं. नवरा म्हणाला, चव वेगळी आहे, कुठली आणलीस? मी म्हणाले, जामखेडची. आणि जेवले.