पिवळी बोटं

कॉम्प्युटरचं नाव काढलं की मला अजून पहिल्यांदा मोज्यांचा वास आठवतो.

तंजावुरातल्या एका कॉलेजात संध्याकाळचा वर्ग भरायचा. ज्यांना काहीसुद्धा येत नाही, त्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायचे. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी, म्हणून खिडक्या कायम बंद. धूळ नको म्हणून चपला-बूट दाराबाहेर. बूट बाहेर राहायचे, पण दिवसभर भिजलेले मोजे पायांबरोबर आत यायचे. त्यात खोबरेल तेल, कोमेजलेला मोगरा, कुणाच्या डब्यात उरलेला ताकभात. गारव्यात वास मरत असेल असं मला आधी वाटलं होतं. मरत नाही, तो थिजून बसतो.

आणि एवढ्या सगळ्यांत घाणेरडा कोण, तर मी.

मी गलाईच्या दुकानातला. आमच्या सांगलीकडच्या गावांतली माणसं सोनं गाळण्याच्या धंद्यात कुठं कुठं पांगलेली. आठवीतून शाळा सुटली तसा मामानं मला उचलून तंजावूरला आपल्या दुकानात आणला. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात टाकून सोनं वेगळं करायचं. तेजाब कातड्याला लागलं की पिवळा डाग पडतो. घासून जात नाही. कातडं जुनं होऊन गळेल तेव्हा जातो, आणि तोवर त्याच्यावर दुसरा पडलेला असतो. माझी दहाही बोटं हळदीत बुडवून काढल्यासारखी, नखांच्या कडा काळ्या. दुकानात हात धुतलेलं पाणीही फेकत नाहीत, पिंपात साठवतात. त्यात सोन्याचे कण असतात. त्या पिंपाचा वास मी सांगत नाही.

कॉलेजात तो वर्ग घेणारे सर बायकोची मोडकी साखळी गाळून घ्यायला आमच्याकडं आले होते. मामा माझ्यावर खेकसत होता, "आरं मुडद्या, धूर काय गिळतोस, दार उघड की!"

सर जागच्या जागी थांबले. "मराठी बोलतां तुम्ही?"

त्यांचं मराठी ऐकून मला आधी हसू आलं. शब्द पोथीतले आणि सूर तमिळ. घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं, सरांनी महाराष्ट्र डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरी मला म्हणाले, "तूं आमच्या मुलखाचा पोर. शिकणार काय पा?" हा 'पा' तमिळ, आपल्या 'बाबा'सारखा. दहावी पास असल्याशिवाय त्या वर्गात घेत नसत. सरांनी कुणाकुणाला शब्द टाकून मला घातलं. घरी बोलावून डोसे खाऊ घातले. परक्या गावात माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. माझ्या मुलांना मी त्यांचं नाव आदरानंच घ्यायला शिकवलंय.

पापनाशमच्या एका भाताच्या व्यापाऱ्यानं कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला माणूस हवा होता. सर म्हणाले, "पास हो. मी सांगतों त्यांस." मामाला सांगितलं, तर तो म्हणाला, "जा की. पण तिथनं हाकलला तर गुमान भट्टीवर बसायचं. परत हे खूळ काढलंस तर तंगडी मोडीन."

म्हणजे नुसतं पास होऊन भागणार नव्हतं. तिथं रोज चालवून दाखवायचं होतं.

आणि मला तर त्या यंत्राला हात लावायला मिळतच नव्हतं. एका कॉम्प्युटरवर दोघं. माझ्या जोडीला बी.कॉम.चा एक मुलगा होता, इस्त्रीच्या शर्टातला. तिकडं उत्तरेकडून आलेल्या सगळ्यांनाच सेटू, म्हणजे शेठ, म्हणतात. मी दुकानाच्या फरशीवर झोपायचो, तरी त्याचा सेटूच.

"सेटू, तू वाच. मी टाइप करतो."

"आज मी करू का?"

"तुझ्या बोटांचा रंग लागेल रे. मग सगळी अक्षरं पिवळी येतील!" मागची रांग खो खो हसली.

एकदा मी मध्येच एक कळ दाबली. त्यानं खिशातून रुमाल काढून ती पुसली. मग तेच बोट कानात घातलं, फिरवलं, बाहेर काढून निरखून पाहिलं आणि पुढची ओळ टाइप केली. त्याच्या कानातला मळ त्या कळांना चालत होता. सरस्वतीपूजेला प्रत्येक यंत्राला गंध फासलं होतं, ते फटींत वाळून त्याच्यावर तेलकट काळा थर बसला होता, तेही चालत होतं. माझा डाग तेवढा चालत नव्हता.

आणि शिकवणं? सगळा वर्ग पाढे म्हणावेत तसा प्रोग्रॅम म्हणायचा. ओळ दहा, ओळ वीस, ओळ तीस. परीक्षेला ह्यांतलाच एक येणार, मग समजून काय करायचंय? शाळा सुटली तेव्हा ह्या घोकण्यापासून तरी सुटलो असं वाटलं होतं. पण मीही घोकलं. भट्टीपुढं बसून घोकलं. मामा म्हणायचा, "कुणाचा मंत्र जपतोस रं?"

प्रात्यक्षिक परीक्षेला मात्र प्रत्येकाला वेगळं यंत्र. चिठ्ठीत मला आला तो प्रोग्रॅम सोपा होता: आकडे घ्यायचे, बेरीज आणि सरासरी दाखवायची. तोंडपाठ. पण कळांवरची अक्षरं अशी विस्कटलेली, की एकेक शोधताना मला घाम फुटला. एसीत घाम. बी.कॉम.वाला उठून गेलासुद्धा. एकेक करून खोली रिकामी व्हायला लागली.

सर माझ्यामागं येऊन वाकले. हळूच म्हणाले, "सरक. मी मारतों. तुज येतें, मज ठाऊक आहे."

खांद्यावरून त्यांचा हात पुढं आला. पांढरी बाही, विभूतीचा वास, कापलेली स्वच्छ नखं. त्यांनी भराभरा दोन ओळी टाइप केल्यासुद्धा. त्यांच्या मनात माया होती, दुसरं काही नव्हतं. आणि मला पापनाशमचं टेबल दिसत होतं. पहिल्याच दिवशी व्यापारी मागं उभा राहणार, आणि मी अक्षरं शोधत बसणार. मग मामा, भट्टी, पिंप.

सरांना नको म्हणायचं होतं. कुठल्या तोंडानं म्हणणार? मी आपला डावा हात उचलला आणि पंजा पसरून सगळ्या कळांवर ठेवला.

सरांची बोटं माझ्या बोटांवर पडली आणि पालीवर पडावीत तशी झटकन मागं गेली. त्यांनी ती पँटीला पुसली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"बरें," ते म्हणाले. "तूंच मार."

मी त्यांच्या दोन्ही ओळी पुसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी खोलीत आम्ही दोघंच उरलो. ते खिडकीशी, माझ्याकडं पाठ करून उभे होते. मी आकडे दिले आणि काळ्या पडद्यावर हिरवी बेरीज उमटली. बरोबर होती. आनंद व्हायला हवा होता. मी माझी बोटं बघत बसलो.

पास झालो. पापनाशमला भाताच्या कोंड्याच्या वासात माझं टेबल लागलं. हळू करायचो, पण माझं मी करायचो, आणि व्यापाऱ्याला तेवढं पुरत होतं. हळूहळू बोटांचं जुनं कातडं सुटलं. खालून साधी, चारचौघांसारखी बोटं आली.

एकदा कुंभकोणमला जाताना सर वाटेत उतरले. व्यापाऱ्याला म्हणाले, "मीच आणलों यास." मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "अय्यो, किती चांगले झाले हात!"

मी हात तसाच राहू दिला. "सर, तुमच्यामुळं झालं सगळं," म्हणालो. ते खोटं नव्हतं. आजही विचारलं तर हेच म्हणेन.

त्यांची बस गेल्यावर मी गोदामामागच्या नळावर गेलो आणि साबण लावून हात धुतले. पाणी पन्हळीतून कालव्याकडं गेलं. दुकानात ते पिंपात साठवलं असतं; इथं मी ते जाऊ दिलं.